पाचव्या महिन्यात रोज कलेजी?

“मावशी, सलाम. मी म्हसळा तालुक्यातल्या एका गावात राहते. पहिलंच बाळंतपण आहे, पाचवा महिना चालू आहे. हिमोग्लोबिन 9.1 आलंय. आशाताईंनी लाल गोळ्या दिल्यात, पण त्या घेतल्या की मळमळतं आणि शौचाला काळी होते. अम्मी (सासूबाई) म्हणतात, गोळ्या बंद कर, कलेजीने रक्त वाढतं. पंधरा दिवस झाले, सासरे सकाळी बड्याची (म्हैस-रेड्याची) कलेजी आणतात आणि अम्मी मला रोज करून घालतात. खालाअम्मी म्हणतात, कलेजीपेक्षा तिल्ली (प्लीहा) द्या. सासऱ्यांचा पायाचा अंगठा मधूनमधून लालभडक सुजतो, तरी ते गुर्दा (मूत्रपिंड) सोडत नाहीत. माझ्या नणंदेचं बाळ सातव्या महिन्यात झालं, तेव्हा मुंबईत त्याच्या फुफ्फुसात औषध सोडलं होतं. ते म्हणे गाईच्या फुफ्फुसापासून बनतं, खरं का? आणि घरातले एक मामू बाळासाठी गोरोचन आणून देतो म्हणतात. कुणाचं ऐकू?”

सलाम, बेटा. पहिली गोष्ट आधी सांगते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. आजपासून कलेजी बंद कर आणि गोळ्या पुन्हा सुरू कर. पंधरा दिवस खाल्लीस म्हणून घाबरून जाऊ नकोस. ज्या कारणासाठी मी नको म्हणते, त्याचा मोठा धोका पहिल्या तीन महिन्यांत असतो आणि तू त्यातून पुढे आली आहेस. तरी डॉक्टरांना मात्र हे सांग, लपवू नकोस.

कारण आहे अ जीवनसत्त्व. जनावराचं शरीर ते कलेजीत साठवून ठेवतं. गाईबैलांच्या 100 ग्रॅम कच्च्या कलेजीत ते साधारण 5,000 मायक्रोग्रॅम असतं. म्हशीच्या कलेजीत ते कमी असेल असं धरून चालू नये. गरोदर बाईला दिवसाला हजारच्या आतच लागतं, आणि तयार स्वरूपातलं अ जीवनसत्त्व दिवसाला 3,000 च्या वर जाऊ नये अशी मर्यादा आहे. म्हणजे वाटीभर कलेजीतच ती ओलांडली जाते. जास्तीचं लघवीवाटे निघूनही जात नाही, आपल्या यकृतात साठत राहतं. 1995 साली अमेरिकेत 22,000 हून जास्त गर्भवतींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुरुवातीच्या महिन्यांत या मर्यादेवर तयार अ जीवनसत्त्व घेणाऱ्या बायकांच्या बाळांमध्ये जन्मजात व्यंगांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. म्हणून डॉक्टर गरोदरपणात कलेजी टाळायला सांगतात. माशाच्या यकृताचं तेल, त्याच्या पिवळ्या कॅप्सूलसुद्धा त्याच यादीत धर. गाजर, शेवग्याचा पाला, लाल भोपळा यांचं तसं नाही. त्यातलं द्रव्य शरीर लागेल तेवढंच बदलून घेतं. ते पोटभर खा.

आता अम्मींविषयी. त्यांचं म्हणणं अडाणीपणाचं आहे असं तुझ्या मनात असेल तर काढून टाक. कलेजीने रक्त वाढतं हे नुसतं घरगुती मत नाही, त्याला नोबेल पारितोषिक मिळालेलं आहे. शंभर वर्षांपूर्वी एक प्रकारचा पंडुरोग, म्हणजे रक्त कमी होण्याचा आजार होता, ज्यात माणूस पिवळा पडत जाऊन हमखास मरायचा. अमेरिकेत जॉर्ज व्हिपल यांनी रक्त काढलेल्या कुत्र्यांना वेगवेगळं अन्न घालून पाहिलं, त्यात कलेजीने रक्त सगळ्यात लवकर भरून आलं. त्यावरून जॉर्ज मायनट आणि विल्यम मर्फी यांनी 1926 साली रोग्यांना रोज कलेजी खायला घातली आणि मरणाच्या दारातली माणसं उठून बसली. तिघांना 1934 चं नोबेल मिळालं. कलेजीतलं ते औषध म्हणजे ब-12 जीवनसत्त्व. ते वेगळं काढायला पुढे 1948 साल उजाडलं.

यातला दुसरा धागा तर आपल्या मुंबईतला आहे. 1928 साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या, परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. गिरणीत काम करणाऱ्या बायका गरोदरपणी पांढऱ्याफटक पडत, काही दगावत. त्या गिरण्यांत आपल्या कोकणातून गेलेली कुटुंबं किती होती हे तुझ्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचार. विल्सबाईंनी पाहिलं, ज्यांच्या ताटात काही नाही त्यांनाच हा आजार जास्त. त्यांनी यीस्टचा अर्क दिला, बाजारात मिळणारा स्वस्तातला मार्माइट, आणि बायका बऱ्या झाल्या. कलेजीच्या अर्कानेही गुण येत होता. 1931 साली त्यांनी हे छापलं. ज्या द्रव्याचा त्या शोध घेत होत्या ते फोलेट. तुझ्या लाल गोळीत लोहाबरोबर जे फोलिक अॅसिड आहे ते हेच, बेटा. परळमधल्या गरोदर बायकांच्या आजारातून निघालेलं औषध आशाताई तुझ्या हातात ठेवते आहे, ते खिडकीतून टाकू नकोस.

अम्मींना हे असं सांग: कलेजीत जे गुणाचं होतं ते डॉक्टरांनी शोधून, मोजून गोळीत भरलं आणि जे बाळाला जास्त झालं असतं ते बाहेर ठेवलं. हिशेबही सांग. 100 ग्रॅम कलेजीत लोह 5 मिलिग्रॅमच्या आसपास. एका लाल गोळीत 60 मिलिग्रॅम. मांसातलं लोह गोळीपेक्षा सहज अंगी लागतं हे खरं, पण 9.1 वरून वर यायला नुसत्या ताटावर भागणार नाही. 7 ते 9.9 म्हणजे मध्यम पंडुरोग, त्यात सहसा दिवसाला दोन गोळ्या देतात. तुला किती, ते तुझे डॉक्टर ठरवतील.

शौचाला काळी होते ती लोहामुळे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळीसाठी गोळी सकाळी उपाशीपोटी न घेता रात्री जेवणानंतर घे, लिंबूपाण्याबरोबर. कॅल्शियमची गोळी सोबत घेऊ नकोस, दोघींत निदान दोन तासांचं अंतर ठेव, नाहीतर लोह शोषलं जात नाही. आणि चहा. आपल्याकडे जेवण झालं की अर्ध्या तासात कपबशी समोर येते. जेवणाआधी आणि नंतर तासभर तरी चहा नको. मला वाटतं, कितीतरी बायकांचं हिमोग्लोबिन या एका सवयीने अडून राहतं आणि कुणी त्यांना तसं सांगत नाही.

मग अम्मींच्या हौसेचं काय करायचं? त्या सुनेसाठी पहाटे उठून चुलीपुढे बसतात, त्यांना नुसतं “नको” म्हणू नकोस. सासऱ्यांना सांग, कलेजीऐवजी दिल, म्हणजे हृदय आणा. बड्याच्या दिलात लोह जवळजवळ कलेजीएवढंच, 4 मिलिग्रॅमच्या वर, ब-12 ही भरपूर, आणि अ जीवनसत्त्व नावालाच. आठवड्यातून दोन-तीनदा, एका वेळी वाटीभर, तुला पुरे.

दिल साफ करायला वेळ लागतो, तेवढा द्यावा. उभं चिरून पुस्तकासारखं उघडायचं. आतल्या कप्प्यांत गोठलेल्या रक्ताच्या काळ्या गाठी दडलेल्या असतात, त्या वाहत्या पाण्याखाली अंगठ्याने रेटून काढायच्या. वरच्या तोंडाशी पांढऱ्या कडक नळ्या असतात त्या कापायच्या. बाहेरची पांढरीशुभ्र चरबी सोलून टाकायची, नाहीतर रस्सा गार झाला की टाळूला चिकटतो. मग अर्ध्या इंचाचे तुकडे, मीठ-हळद, आलं-लसूण लावून अर्धा तास, आणि कुकरला सहा-सात शिट्ट्या. कलेजी जास्त शिजली की रबर होते, दिल मात्र कमी शिजलं तर चामट लागतं. त्यानंतर कांदा आणि सुकं खोबरं खरपूस भाजून, धणे, बडीशेप, दोन लवंगा घालून वाटण करायचं आणि कढईत मंद आचेवर मसाला तुकड्यांना धरेपर्यंत परतायचं. तांदळाची भाकरी, सोबत कच्चा कांदा, आणि लिंबू ताटात पिळायचं, कढईत नाही. शिजवताना क जीवनसत्त्व बरंचसं जातं आणि लोह शोषायला तेच तर हवं असतं.

खालाअम्मींची तिल्ली. लोहाच्या बाबतीत त्या अगदी बरोबर आहेत. 100 ग्रॅम तिल्लीत 40 मिलिग्रॅमच्या वर लोह असतं, कलेजीच्या कितीतरी पट. पण ती रक्ताने भरलेली असते, आपल्या दमट हवेत फार लवकर खराब होते. आठवड्यातून एकदा लहानसा तुकडा, त्याच दिवशी कापलेल्या जनावराचा आणि पूर्ण शिजवलेला, खायला हरकत नाही. मात्र फुगलेली, काळीकुट्ट, लिबलिबीत तिल्ली घरातच आणू नका. फाशीच्या रोगाने, म्हणजे ज्याला माणसांत काळपुळी म्हणतात त्याने मेलेल्या जनावराची तिल्ली अशी होते. गोठ्यात आपोआप पडलेल्या जनावराचं काहीही खायचं नाही, कितीही स्वस्त दिलं तरी. आपल्या राज्यात गाईची कत्तल आधीपासूनच बंद होती, 2015 पासून बैल आणि वळू यांचीही बंद आहे, म्हैस-रेड्याला तपासणीचा दाखला लागतो. तेव्हा परवान्याच्या दुकानातूनच घ्या आणि पावती जपून ठेवा.

सासरे दुकानात जातातच, तर घरच्यांसाठी कलेजी घेताना त्यांनी ती नीट बघून घ्यावी. बाकीच्यांना पंधरा दिवसांतून एकदा कलेजी खायला काही अडचण नाही. भातखाचरं, पाणथळ कुरणं आणि गोगलगाई असलेल्या मुलखात जनावरांच्या कलेजीत पानासारखे चपटे किडे होतात. चिरताना पित्ताच्या नळ्या जाड, कडक लागल्या, सुरीखाली चुना कापल्यासारखी करकर झाली, तर ती तशीच परत करावी. दुसरं म्हणजे कलेजीवर किंवा फुफ्फुसावर पांढऱ्या जाड सालीचे पाण्याने भरलेले फोड. त्यात फीतकृमीची पिल्लं असतात. असा अवयव आपण खात नाही, पण तो दाराबाहेरच्या कुत्र्यापुढे टाकतो. घोटाळा तिथेच आहे. कुत्र्याच्या पोटात ती पिल्लं मोठी होतात, त्याच्या विष्ठेतून अंडी अंगणात, भाजीत, मुलांच्या हातावर येतात, आणि मग तेच फोड माणसाच्या यकृतात वाढतात. अशा वेळी ऑपरेशन करायची पाळी येते. म्हणून ईदच्या कुर्बानीनंतरसुद्धा टाकाऊ अवयव समुद्रावर किंवा उकिरड्यावर फेकायचे नाहीत, कुत्र्याला उकरता येणार नाही एवढे खोल पुरायचे. हे गावात एकीने करायचं काम आहे. तुझ्या गावातल्या जमातीत कुणी हा विषय काढला तर मला मनापासून आनंद होईल.

तू स्वतः यंदा कच्चे अवयव हाताळू नकोस. वजडी उकळत्या पाण्यात टाकून खरवडणं, पाये भाजून साफ करणं, हे काम नणंदेला किंवा नवऱ्याला करू दे. जनावरांत गर्भपात घडवणारा एक जंतू असतो, ब्रुसेला, तो हातावरच्या चिरेतून माणसाला लागतो. जे खाशील ते आतून जराही गुलाबी नसावं. पायाचा रस्सा बाळंतपणानंतर सगळेच पाजतील, तो जरूर पी, थकल्या अंगाला बरा वाटतो. पण त्याने रक्त वाढत नाही, तेव्हा पाये खाते म्हणून गोळ्या सोडू नकोस. बाळंतपणानंतरही सहा महिने गोळ्या घ्यायच्या असतात.

नणंदेच्या बाळाविषयी तू विचारलंस. होय, खरं आहे. वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या फुफ्फुसातले बारीक फुगे आतून चिकटून बसतात, कारण ते उघडे ठेवणारं तेलकट द्रव्य अजून तयार झालेलं नसतं. बाळ प्रत्येक श्वासाला झगडतं, बरगड्या आत ओढल्या जातात. ते द्रव्य जनावराच्या फुफ्फुसातून काढून, शुद्ध करून, नळीवाटे बाळाच्या श्वासनलिकेत सोडतात. काही औषधं गाईवासरांच्या फुफ्फुसापासून बनतात, काही डुकराच्या. पूर्वी मधुमेहाचं इन्सुलिनही गाय आणि डुकराच्या स्वादुपिंडातूनच येत असे. 1922 साली पहिल्या रोग्याला दिलेलं इन्सुलिन जनावराचंच होतं, आणि साठ वर्षांनी, 1982 मध्ये, प्रयोगशाळेत बनवलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आलं तोवर लाखो माणसं त्याच्यावर जगली. हृदयाच्या कृत्रिम झडपांत आजही जनावराच्या हृदयावरचं आवरण वापरतात. रक्त गोठू नये म्हणून देतात ते हेपॅरिन आता बहुतेक डुकराच्या आतड्यांपासून बनतं. तुमच्या घरात हा प्रश्न नाजूक आहे, शेजारच्या हिंदू घरात गाईचा तितकाच नाजूक असेल. जिवावर बेतलं असताना अशा औषधाला मुभा आहे असं अनेक उलेमा सांगतात. तरी तुझ्या मनात किंतु असेल तर इमामसाहेबांना आत्ताच, शांतपणे विचारून ठेव. बाळ काचेच्या पेटीत असताना दाराशी उभं राहून ही चर्चा करू नये. आणि नणंदेने बाळासाठी जे केलं ते योग्यच केलं, तिला तसं सांग.

गोरोचनाला मात्र माझं स्पष्ट नाही. गोरोचन म्हणजे जनावराच्या पित्ताशयात कधीमधी सापडणारा खडा. आयुर्वेदात त्याचा उल्लेख आहे, चिनी वैद्यकातही त्याला मोठा मान आहे. पण तो इतका दुर्मीळ आणि इतका महाग असतो की त्याच्या नावावर भेसळीचा माल सर्रास विकला जातो, आणि मामूंच्या पुडीत काय आहे हे मामूंनाही कळणार नाही. तो खरा निघाला तरी तान्ह्या बाळाला द्यायचा नाही. सहा महिने फक्त तुझं दूध. घुटी नाही, मध नाही, पाणीही नाही. मामू प्रेमाने आणतायत, तर त्यांना सांग, त्याच पैशात बाळंतिणीसाठी अळीव, खारीक, बदाम आणून द्या.

राहिले तुझे सासरे. अंगठा लालभडक सुजतो म्हणजे बहुधा युरिक अॅसिड वाढलेलं आहे. एकदा रक्त तपासून घ्या, मूत्रपिंडाची तपासणीही त्यातच होऊ द्या. गुर्दा, कलेजी, तिल्ली, दिल, हे सगळं त्यांच्यासाठी बंद. आपल्या किनाऱ्यावरची दुसरी अडचण म्हणजे तारली आणि बांगडा, तेही अंगठा सुजवणाऱ्यांतच येतात. वजडी त्यामानाने सौम्य, महिन्यातून एकदा थोडी खाल्ली तर चालेल, पण सूज उतरलेली असताना. भेजा तर कुणीच नेहमी खाऊ नये. त्यातल्या कोलेस्टेरॉलपुढे बाकीचे सगळे अवयव किरकोळ आहेत. सासऱ्यांनी पाणी भरपूर प्यावं. डॉक्टरांनी रोजची गोळी सुरू केली, तर सूज उतरली म्हणून ती मनाने बंद करू नये.

आता तारीख लिहून ठेव. गोळ्या नियमित घेऊन एक महिना झाला की हिमोग्लोबिन पुन्हा तपास. निदान 1 ने वाढायला हवं. तेवढं वाढलं नाही, तर उपकेंद्रावर न थांबता तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयात दाखव. जंताची गोळी घेतली का ते विचार, आणि थॅलेसेमियाची, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची तपासणी करून घ्यायला सांग. तू आणि तुझा नवरा लग्नाआधीपासूनच जवळच्या नात्यातले असाल, तर महिना न थांबता ही तपासणी दोघांनी आत्ताच करून घ्या. अहवाल आला की मला लिही, आकड्यासकट.